प्रिंटर नाव विचारतोय

१६ ऑक्टोबर १९८८, रविवार
सु. नं काल आणि एक कागदाचा गठ्ठा आणला. घड्याघड्यांचा, दोन्ही कडंला भोकं. एका अंगाला इंग्रजी मुंग्या, दुसरं अंग कोरं. फौंड्रीत टाकून देत्यात म्हणं. पैल्या खेपेलाच मी म्हटलं टाकताय कशाला, आण हिकडं. चौथी शिकलेल्या बाईला एवढा कागद म्हंजे चैनच की. तवापासनं ह्याच्यावरच लिहितेय.
आमची नात सुनंदा शिरोलीला त्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत कॉम्प्युटरवर हाय. काचेच्या खोलीत एक मोठं मशीन, त्याच्या तारा चार टेबलांवरच्या चार पडद्यांना, आणि छापायला प्रिंटर मातर एकच. चौघांनी एकदम छाप म्हटलं की ते मशीन त्यांना वळीनं उभं करतंय, अंबाबाईच्या रांगेगत. पुण्याची मशीनवाली माणसं दोनदा येऊन हात हालवत गेली. ही रांग बसवली कुणी? सु. नं! गिरणीत दळण ठेवता ठेवता सगळ्या बायकांना सांगितलं. एक म्हणाली, "आज्जी, हे गेल्या खेपेला सांगितलं की." मग? परत ऐक.
मालक म्हणालेत, दिवाळीपर्यंत काम बघतो, मग कायम करायचं का ठरवतो. न्हाई केलं तर तिच्या बापानं नेसरीचं स्थळ बघून ठेवलंयच.

१९ ऑक्टोबर, खंडेनवमी
फौंड्रीत मशीनांची पूजा. सु. मला घेऊन गेली. इरकल नेसले. भट्टीला हार, लेथला हार. काचेच्या खोलीत शिपाई दत्तूमामा सकाळपासनं लागलेले. मागच्या सगळ्या तारा काढून, पुसून, परत खोचल्या. धुळीचा कण ठेवला न्हाई बघा. प्रिंटरला झेंडूचा हार, पुढं नारळ. कुंकू मी लावलं, वरच्या कोपऱ्यात एकच बोट. "आज्जी, आत सांडू नको," दहादा बजावलं पोरीनं. आज कशालाच चालू करायचं न्हाई.
मालक म्हणाले, "आजीबाई, नात हुशार हाय तुमची."
म्हटलं, "मला ठावं हाय की. तुम्हाला आत्ता कळलं व्हय?"
सु. नं पदर ओढला. ओढू दे.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार
दसऱ्याच्या सुट्टीनंतर आज पैला दिवस. सु. तोंड एवढंसं करून आली. चलन छापंना. गाडीबरोबर चलन असल्याबिगर माल फाटकाबाहेर पडत न्हाई. कारकुनानं हातानं लिहून गाड्या सोडल्या, वर टोमणा, "मशीनपरीस माझं पेन बरं."
प्रिंटर एकच शब्द छापत बसलाय. कागद आणलाय तिनं. इंग्रजी येत न्हाई, पण सगळ्या वळी सारख्या हायत एवढं मलाबी दिसतंय.
"काय म्हणतोय गं?"
"नाव सांगा म्हणतोय, आज्जी."
"कुणाचं?"
"तेच कळंना."
रिबन बदलली, मशीन बंद करून चालू केलं, तुंबलेली रांग पुसली. तरी तेच. मालक पुण्याहून माणूस बोलावणार. भाकरी तशीच ठेवून उठली. मी काय करणार. पाठीवरनं हात...

२२ ऑक्टोबर, शनिवार
सापडलं! माझ्या सु. लाच सापडलं, पुण्याचा माणूस यायच्या आत!
हिशेबाच्या टेबलाचा माणूस रजेवर, त्याचा पडदा बंद. सु. नं सहज चालू केला तर सगळी चलनं तिथं पळाय लागली. रिकाम्या खुर्चीपुढं! पूजेच्या दिवशी प्रिंटरची तार त्या पडद्याच्या जागी, पडद्याची प्रिंटरच्या जागी खोचली गेलेली. मशीनला वाटतंय तारेच्या त्या टोकाला माणूस बसलाय, म्हणून बिचारं नाव विचारतंय. प्रिंटर काय नाव सांगणार?
तारा बदलल्या. लगेच चलनं धडाधड.
मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कुणी केलं हे?" दत्तूमामांचं तोंड पांढरं. सु. म्हणाली, "चूक माझी. तारांना खुणा केल्या न्हवत्या मी." मालक तसंच आत गेले.
घरी आल्यावर म्हटलं, "अगं खुळे, तुझं कायम व्हायचं हाय अजून!"
"आज्जी, मामांनी मनापासनं पुसलं होतं. आणि खुणा खरंच न्हवत्या."
आधी राग आला. मग स्वयंपाकघरात जाऊन उगंच डबं पुसत बसले. असली नात... जाऊ दे. दृष्ट काढली.

२३ ऑक्टोबर
तारांना खुणा करायला शिवणाच्या पेटीतल्या चिंध्या दिल्या. प्रिंटरच्या तारेला माझ्या लुगड्याचा लाल काठ.

२४ ऑक्टोबर
चिंध्या दत्तूमामांनी स्वतः बांधल्या म्हणं. जाताना म्हणाले, "आज्जीला नमस्कार सांग, पोरी." सांगितला.
पुण्याचा माणूसबी आलाच. काम झालेलं बघून चहा पिला, पण मालकांबरोबर लई वेळ आत बसलावता. काय बोलले कुणास ठाऊक.

२५ ऑक्टोबर, मंगळवार
मालकांनी सु. ला आज आत बोलावलंय. कशाला, सांगितलं न्हाई. नेसरीकरांचाबी निरोप हाय, रविवारी येतो म्हणून. या म्हटलं, बघू.
कायम करू देत न्हाई तर न करू देत, बिनमाणसाच्या खुर्चीपुढनं गाड्यांची चलनं माघारी आणली पोरीनं. उद्या गिरणीत सांगायला जाणार हाय मी.
गठ्ठ्याची ही शेवटची घडी. फौंड्रीतनं आला तरच पुढचा कागद. निघताना सु. म्हणाली, "आज्जी, जरा बारीक लिही."
मी मोठंच लिहितेय.