मडक्यातला धूर

मुलुंड (पूर्व)
८ जानेवारी २०२५

चि. चंद्रप्रकाश यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोमवारी तू माझा फोन दोनदा कापलास, म्हणून हे टपाल. पत्र कापता येत नाही. फार तर फाडता येतं, पण तुझ्या बोटांची सध्याची अवस्था पाहता तेही तुला द्रौपदीकडूनच करून घ्यावं लागेल, आणि ती तुझी बायको असली तरी माझ्या पक्षाची आहे.

शनिवारी आपण तिघं डॉक्टरकडे गेलो होतो. तिथे काय ठरलं ते लिहिते, कारण तू सगळा वेळ छताकडे बघत होतास. श्वेता डॉक्टर माझी विद्यार्थिनी. दहावीला संस्कृतात अठ्ठ्याण्णव मार्क; ऐकीव गोष्टी ठोकून देणारी मुलगी नाही. ती म्हणाली, आमवात नुसता बोटांत राहत नाही, तो हृदयात आणि फुप्फुसांतही उतरतो, आणि सिगारेट त्याला वाट दाखवत पुढे चालते. तुझ्या छातीच्या स्कॅनमध्ये खालच्या अंगाला बारीक जाळीसारखं काही दिसायला लागलं आहे. हा रोग असून जे ओढत राहतात, त्यांच्यात मरणाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळलं आहे. औषधही त्यांना धड लागू पडत नाही. हे सगळं ऐकून तू विचारलंस की पार्किंगची पावती कोणाकडे आहे.

तिने गोळ्या बदलल्या आहेत, आणि बोटं हलती ठेव असंही बजावलं आहे. तेव्हा मला पत्रं लिही. हाताने. आपण लहानपणी गावी होतो आणि अप्पा इथे गिरणीत, तेव्हा त्यांचं पत्र आलं की आई मजकुराआधी अक्षर बघायची, आठवतं? माणूस बरा आहे की नाही ते तिला तिथेच कळायचं. मलाही कळेल.

कळावे. लोभ माझ्यावर असावा, पाकिटावर नसावा.

तुझी,
ताई


बोरिवली (पूर्व)
१४ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिळगूळ घे आणि गोड बोल. आजच्या दिवस तरी.

अक्षर बघ म्हणालीस ना, बघ. शाईत पाय बुडवून कोंबडी चालली असं वाटेल. हे एवढं पान लिहायला तीन बैठका लागल्या. सकाळी दोन तास मूठ वळत नाही. शर्टाची बटणं द्रौपदी लावून देते. कोर्टात फायलीची नाडी सोडायला बाजूच्या टेबलावरच्या रतनला हाक मारतो. पंचवीस वर्षं, आधी इतर ठिकाणी आणि आता दिंडोशीच्या कोर्टात, तू लोकांच्या नाड्या सोडल्यास, आता तुझी कोण सोडणार, असं रतन हसत हसत म्हणतो. मीही हसतो. अकरा वाजता आम्ही दोघं बाहेरच्या टपरीवर चहा आणि सिगारेट मारतो हे तुला ठाऊकच आहे, लपवत नाही.

पण मला एक सांग. दुखतात बोटं, धूर जातो छातीत. या दोघांचं लग्न लावलं कोणी? अप्पांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत विड्या ओढल्या, त्यांच्या बोटांना काही झालं नाही. आणि समज सोडली, तर चौतीस वर्षं ओढली त्याचं काय? वाट लागायची ती लागून गेली गं. घर जळून गेल्यावर बंब बोलावण्यात काय अर्थ आहे?

तरी तुझ्या शब्दाखातर दहावरून चारवर आलोय. उरलेल्या चार गुढीपाडव्याला बंद. नवं वर्ष, चांगला दिवस, गुढी साक्षीला.

फोन कापला त्याबद्दल सॉरी. खोकला आला होता, तुला ऐकवायचा नव्हता.

द्रौपदीचा नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
चंदू


मुलुंड (पूर्व)
२३ जानेवारी २०२५

चि. चंदू,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या आधी तुझा वास पोचला. पाकीट फोडताच खोलीत टपरी उघडल्यासारखं झालं. चार ओढणाऱ्याचा एवढा, तर दहाचा केवढा असेल, हा विचार करत मी खिडकी उघडली.

पाडवा तीस मार्चला आहे. ओढायला कधी पंचांग लागलं नाही, सोडायला मात्र लागतं. २०१६ साली दसऱ्याला सोडली होतीस. सोसायटीभर पेढे वाटलेस, आणि संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागे सापडलास, तेव्हा पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात राख झाडत होतास. त्यानंतरचे दोन मुहूर्त तर पेढ्यांपर्यंतही टिकले नाहीत. तुझ्या संकल्पांना मुहूर्त मानवत नाहीत असं दिसतं.

आता अप्पा. त्यांना आमवात नव्हता, म्हणून त्यांची बोटं शाबूत राहिली. पण शेवटची दोन वर्षं ते भिंतीला टेकून, बसून झोपायचे. तू तेव्हा रत्नागिरीच्या कोर्टात होतास, तुला ते सणासुदीला हसताना दिसले. आडवं झालं की त्यांचा श्वास कोंडायचा. उशा मी रचायचे. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण त्यांनी सांगू दिलं नाही.

बोटं आणि धूर यांचं लग्नही मी श्वेताला विचारलं. ती म्हणाली, शरीराचं रक्षण करणारी फौज या रोगात घरच्यांवरच उलटते, आणि धूर तिला रोज नव्याने चिथावतो. घर जळून गेलंय हे तुझं म्हणणं तिला मुळीच मान्य नाही. सोडल्यानंतरच्या एकेका वर्षाने धोका उतरत जातो, ज्याने जितकी वर्षं सोडली तितका तो खाली येतो, असं ती म्हणाली. म्हणजे वर्षं मोजायला कुठून तरी सुरुवात हवी. पाडव्याला केलीस तर दोन महिने फुकट गेले.

एक शेवटचं. मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी. वर जायच्या रांगेत माझा नंबर आधी आहे. मध्ये घुसू नकोस. मला हे विनोदाने लिहायचं होतं, तसं जमलं नाही.

बाकी क्षेम. माया आहे तशीच आहे, पुरवून वापर.

तुझी,
ताई


बोरिवली (पूर्व)
१८ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कोर्टात जुन्या फायली वरच्या मजल्यावर हलवायचं काम निघालंय. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट पुन्हा बंद आहे, सेक्रेटरी रोज आज होईल म्हणतो, आणि चौथ्या मजल्यावरच्या बायकांनी त्याला काल जिन्यातच गाठला. द्रौपदीने कुळथाची पिठी केली होती, तुझी आठवण निघाली.

तब्येत आहे. सकाळी मूठ वळायला आता तासभर लागतो. चिडचिड वाढलीय असं घरचे म्हणतात. द्रौपदीचं म्हणणं, माझ्याशी बोलण्यापेक्षा दारातलं मांजर बरं, ते निदान गुरगुरून झाल्यावर झोपतं. रतनशी थोडं वाजलंय, होईल ठीक. भाजलेल्या बडीशेपेचा खप आमच्याकडे एवढा वाढलाय की वाणी विचारतो हॉटेल काढलं काय.

अप्पांच्या उशांचं वाचलं. चार वेळा वाचलं, एवढंच.

हे पान एका बैठकीत लिहिलंय. पत्र नीट बघ, बाकी काही सांगत नाही.

तुझ्या धाकट्यावर नजर असू दे.

तुझा,
चंदू


मुलुंड (पूर्व)
२५ फेब्रुवारी २०२५

चंदू,
आशीर्वाद.

नीट बघ म्हणालास. बघण्याची गरज पडली नाही, पाकीट फोडल्याबरोबर नाकाला सगळं कळलं. तोच वास, तेवढाच.

माझ्या संस्कृतातल्या न्यायशास्त्रात अनुमानाचा पहिला धडा हाच असतो. डोंगर दिसतो, आग दिसत नाही. पण धूर दिसला की तिथे आग आहे हे नक्की. हजार वर्षं मुलं हे घोकत आली, मी तीस वर्षं शिकवते आहे. ते माझ्याच भावावर चालवावं लागेल असं वाटलं नव्हतं. बडीशेप तू वास मारायला खातोस, हे कळायला तर शास्त्रही लागत नाही.

ओढलीस याचा राग कमी आहे, सवय वाईट असते. पण लिफ्ट, मांजर, पिठी, वाणी, सगळं लिहिलंस आणि तेवढं एक गाळलंस. खोटं बोलला नाहीस, खरं टाळलंस. अप्पांचं मी कोणाजवळही न बोललेलं तुझ्याजवळ बोलले, त्याचं हे उत्तर.

काल शाळेत वर्गात बोलता बोलता थांबले. पुढचं वाक्य आठवेना. पोरांना वाटलं मी मुद्दाम थांबले आहे, ती बिचारी वहीत बघत बसली. मी आता या विषयावर लिहिणार नाही. पाडव्याला माझी वाट बघू नकोस.

ताई


बोरिवली (पूर्व)
३ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आरोपी हजर आहे. आमच्याकडे निकालाआधी आरोपीचं ऐकून घ्यायची पद्धत आहे, तुमच्या शास्त्रात नसावी.

तुझं २३ तारखेचं पत्र मला अठ्ठावीसला मिळालं. एकोणतीसला अमावस्या होती. मुद्दाम तोच दिवस धरला. मुहूर्त मानवत नाहीत म्हणालीस ना? सकाळी उरलेलं पाकीट द्रौपदीसमोर नळाखाली धरलं. आज चौतिसावा दिवस. कोणाला सांगितलं नाही, पेढे आणले नाहीत. द्रौपदीला मीच न सांगायची शपथ घातली होती, तिला बोल लावू नकोस. पेढे वाटून तोंडावर पडण्यापेक्षा या वेळी निदान दोन महिने गप्प राहावं आणि पाडव्याला तुझ्यासमोर उभं राहावं असं मनात होतं.

खोटी साक्ष देत नाही म्हणून हेही लिहितो. बाराव्या दिवशी कोर्टात एकाने भरपूर ऐकवलं, आणि मी रतनच्या हातातली घेऊन दोन झुरके मारले. मग रतनवरच ओरडलो की मला दिलीस कशाला. तो म्हणाला, यार चंदू, तूच तर हिसकावलीस. आता आम्ही मागच्या गेटवर उभे राहतो, तिथे चहा बेकार आहे पण सिगारेट मिळत नाही. रतनही सहावरून तिनावर आलाय, म्हणतो एकट्याने ओढण्यात मजा नाही.

आता तुझा धूर. तुला लिहायला मी जे फुलस्केप वापरतो, ते कपाटाच्या खालच्या खणातलं. त्याच खणात अकरा वर्षं माझी पाकिटं असायची, श्रुतिकाच्या हाती लागू नयेत म्हणून. पोरगी लग्न होऊन ठाण्याला गेली, पण खण तोच राहिला. तुझं पत्र वाचून मी जाऊन हुंगलं. ताई, कागदच काय, खणाचं लाकूडसुद्धा वास मारतंय.

मला लागलं ते वेगळंच. अक्षर बघायला पत्रं मागवलीस तू. आईची गोष्ट सांगितलीस तू. आणि वास घेतलास, अक्षर बघितलंच नाहीस. तेवढ्यासाठीच तर लिहिलं होतं, नीट बघ म्हणून.

शर्टाची बटणं मी लावतो आता. नाडीसुद्धा सोडतो, हळू. श्वेता डॉक्टर म्हणाली श्रेय गोळ्यांचं आहे, फक्त धूर बाजूला झाला तर गोळ्यांना काम करू देतो. स्कॅन सहा महिन्यांनी.

पाडव्याला ये गं. श्रीखंडाचा चक्का द्रौपदी सांगून ठेवतेय.

संशयाचा फायदा देऊन लोभ पूर्ववत करावा.

तुझा,
चंदू


मुलुंड (पूर्व)
१० मार्च २०२५

चि. चंदू यास,
अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी कपाटातून तुझी आधीची दोन्ही काढली आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. संक्रांतीच्या पत्रात ओळी डोंगर चढतात आणि उतरतात, आणि मात्रा अक्षराला सोडून भलतीकडे पडली आहे. फेब्रुवारीच्या पत्रात ओळ सरळ आहे. आणि परवाच्यात तू 'श्रुतिका' लिहिलंस तो 'श्रु' अप्पांच्या वळणाचा आहे. आईने हे पाकीट फोडायच्या आधी, पत्त्यावरूनच ओळखलं असतं. मी तीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं तपासते आहे आणि घरचं तपासायचं राहिलं. चुकले. हे वाक्य मी सहसा लिहीत नाही, जपून ठेव.

शास्त्राच्या बाजूने एवढंच सांगते की चूक त्याची नाही, मी धडा अर्धवट वापरला. त्याच धड्यात पुढे एक अपवाद येतो, मुलं त्याला फार हसतात. रानातला गुराखी मडक्यात आग ठेवतो. आग विझते, पण तोंड झाकलेलं असेल तर धूर आत कोंडून राहतो. म्हणून मडक्यातला धूर बघून आग आहे असं म्हणू नये. दरवर्षी हे शिकवताना मला वाटायचं, एवढा बारीक अपवाद कोणाच्या आयुष्यात येणार आहे? बोरिवलीत आला.

श्वेताला हे सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली की बाई, छातीचंही तसंच असतं. आग एका दिवशी विझवता येते, धूर जायला वर्षं लागतात, पण तोंड उघडं ठेवलं तर तो जातो. जाळी पुसली जाईल असं वचन तिने दिलं नाही, मीही मागितलं नाही. वाढू न देणं हेच पहिलं काम, असं ती म्हणाली. बाराव्या दिवसाच्या दोन झुरक्यांबद्दल तिने तुला माफ केलं आहे. मी विचार करते आहे.

सोबत नवं फुलस्केप पाठवते. ते खालच्या खणात ठेवू नकोस, फ्रिजवर ठेव. तो खण उपसून गॅलरीत उन्हात टाक, आणि रतनलाही या कामाला बोलाव, त्याच्या उरलेल्या तिनांवर परिणाम होईल.

तुझं फेब्रुवारीचं पत्र मी कपडे वाळत घालायच्या दोरीवर दोन चिमट्यांनी टांगलं आहे. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी विचारलं, हे काय वाळत घातलंय. भाऊ, म्हणून सांगितलं. रोज संध्याकाळी एकदा हुंगते. काल होता. आजही आहे. पण कालच्याहून किंचित कमी वाटला, आणि हे अनुमान चुकीचं निघालं तरी मी ते बदलणार नाही.

पाडव्याला येते. चक्का जास्त सांगायला सांग. पेढे मात्र मी आणीन, एकच, आणि तोही तू रिकाम्या खोक्याशिवाय खायचा. पुढच्या वर्षी दोन. असे वाढवत नेऊ. रांग फार लांब आहे असं ऐकते, आणि तू माझ्या मागे उभा आहेस म्हटल्यावर मला पुढे सरकायची घाई नाही.

कळावे. लोभ होता, वाढला आहे.

तुझी,
ताई