तो हार, ती हार

मॉरिसव्हिल, शनिवार, सायंकाळ

आज नात ईशा हिच्यासमवेत एक जुना चिनी कुंग-फू चित्रपट पाहिला. त्यातील वृद्ध गुरू शिष्येकडून पराभूत होतो आणि सर्वांदेखत तिला वाकून नमस्कार करतो. ईशा म्हणाली, "आजोबा, किती कूल आहेत ते! सगळ्यांसमोर आपली हार मानली."

"आपला हार," मी तत्काळ दुरुस्त केले. "हार पुल्लिंगी आहे."

"ओके, सॉरी." त्यानंतर ती इंग्रजीतच बोलली.

फुलांचा तो हार. पराभव मात्र ती हार. मुलीचे वाक्य निर्दोष होते, हे मला दोनच मिनिटांत उमगले. मग बोललो का नाही? उलट त्या गुरूच्या विनयावर तिलाच प्रवचन दिले! आयुष्यभर व्याकरण शिकवल्याचा ताठा, दुसरे काय? कितीतरी दिवसांनी ती आपणहून मराठीत बोलली होती. आपली हार. किती सहज म्हणाली.

खाली ती डिशवॉशर लावते आहे. आता लेखणी ठेवतो आणि जातो. त्या गुरूसारखे वाकणे या गुडघ्यांना जमणार नाही. परंतु "ईशा, माझी हार" एवढे तरी शुद्ध बोलता येईल.