डाटेवरचा हात

१३ ऑक्टोबर, रविवार

आजही तुडुम बंद!

सकाळपासून तीनदा तलावाच्या पाळीपर्यंत गेले आणि तीनदा परत आले. पाय घरात ठरत नाहीत. एकच भांडं दोनदा घासलं. पाळीच्या अलीकडे तलाव भरलेला, पलीकडे आमचं धान निसवलेलं आणि तहानलेलं. एक पाणी पाहिजे — फक्त एक शेवटचं. मिळालं तर लोंबीत दाणा भरेल, नाही तर गावभर नुसतं फोलपट.

तुडुमाला काही कुलूप नाही. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, पायऱ्यांवर चार भोकं, भोकांत लाकडी डाटा. डाट काढली की पाटाला पाणी. मामाजींनी चाळीस वर्षं या डाटा काढल्या-लावल्या. सासरे म्हणून नाही म्हणत, पण पाणीवाटपात त्यांच्यावर कुणी बोट ठेवलं नाही. आता त्यांचा उजवा हात चालत नाही. आणि पोळ्यापासून तुडुमावर बसतो कैलाश. कमरेला गावठी कट्टा!

मासोळीचा ठेका त्यानं घेतलाय. पाणी सोडलं तर मासोळी निघून जाते म्हणतो. "कार्तिकापर्यंत डाटेले कोनी हात लावला तर तो हात ठेवनार नाई." परका असता तर समजले असते. हा आमच्याच गावचा, कोहळी समाजाचा पोरगा. तलाव बांधणाऱ्यांच्या घरात जन्मला आणि तलावावरच नागोबा होऊन बसला. दोन वर्षं बाहेर कुणा ठेकेदाराकडे होता. तिथून हे शहाणपण आणि कट्टा दोन्ही घेऊन आला.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सुखरामभाऊ चहाला आले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेच डाट काढायला गेले होते. कैलाशनं कट्टा काढला, धडाम् आवाज झाला, हे चपला टाकून पळाले. आवाज सगळ्या गावानं ऐकला. त्या दिवशी म्हणाले होते, गोळी दहा हातांवरून गेली. गणपतीत दोन हातांवर आली. आज म्हणाले — "कानाले चाटून गेली ना वो वहिनी!" दिवाळीपर्यंत गोळी आरपार जाईल असं दिसतं!

हसले खरी. पण मी तरी कुठे पुढे झाले? पंचायतीत अर्ज दिला, "पाहू" म्हणाले. पोलिसांना फोन करू म्हटलं की सगळे जमिनीकडे बघतात. फोन कुणी केला ते कैलाशला कळलं तर? मी गावची आशाताई, अख्ख्या गावाला सुई टोचायला लावते, आणि हा एक फोन माझ्याच्यानं होत नाही.

१५ ऑक्टोबर

पीयूषचा फोन. फुलचूरला भाड्याच्या खोलीत बसून नवरा मला सांगतो, "तू मधात पडू नोको." मधात तर आम्ही सगळेच आहोत!

१७ ऑक्टोबर, गुरुवार

शामकलाबाईची धानाची बांधी गेली.

तिचं शेत पाटाच्या शेपटाला. पाणी तिथं सगळ्यात शेवटी पोचतं आणि सगळ्यात आधी आटतं. आज बोलावून नेलं. बांधीत एवढ्या भेगा की माझी टाच अडकली. लोंबी हातात चुरून दाखवली — आत काही नाही. रडली नाही. म्हणाली, "आता पानी आलं तरी का करू वो? बाकीच्याइचं तरी वाचवा."

बाकीच्याइचं! स्वतःचं गेलं आणि हिला बाकीच्यांची पडली आहे. घरी येऊन जेवण गेलं नाही. लाज वाटली, सरळ सांगायचं तर. मामाजींना विचारलं, पाणी आता कितव्या पायरीवर असेल? "तिसरी डाट काढा लागते. छातीभर पान्यात." मग माझ्याकडे पाहिलं. "काऊन विचारून राहिली?"

काही नाही म्हटलं. त्यांना कळलं असणार.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळं एका दमात लिहिते आहे. अक्षर बघा!

दुपारी कैलाश जेवायला जातो. रोज एक ते दोन. पाळीवर त्याची मोटरसायकल नव्हती, म्हणून उतरले. पायऱ्यांवर हिरव्या सुतळीचे तुकडे पडलेले, पायाला चिकटले. त्याच्या जाळ्याचे असतील. पदर खोसला, थेट छातीभर पाण्यात. पायानं चाचपत तिसरी डाट सापडली. बुडी मारून दोन्ही हातांनी पिळली. हलेना! पुन्हा बुडी. लाकूड फुगून दगडाशी दगड झालेलं.

डोकं वर काढलं तर समोर कैलाश. चालत आला होता मेला. कट्टा माझ्या कपाळाकडे.

"भायेर निघ."

खरं सांगते, त्या क्षणी काही योजलं नव्हतं. पाय गाळात रुतला होता, तो काढायला गेले तर बुडबुडे वर आले. बरेच. कैलाशची नजर बुडबुड्यांवर गेली. ती नजर मी पाहिली — त्यात मी नव्हते, मासोळी होती. आणि तोंडातून निघून गेलं —

"निघू कशी? डाट आत जाऊन राहिली! मी हात काढला का तुही सारी मासोळी पाटात!"

त्याचा चेहराच उतरला. का ते आमच्या गावात लहान लेकरूही सांगेल. झिजलेली डाट एकदा आत ओढली गेली की भोक मोकळं, मग अर्धा तलाव उतरेपर्यंत कुणाच्या बापाला बुजवता येत नाही. म्हणून इथला नियमच आहे, डाटेवर हात ठेवला की दुसऱ्याचा हात येईपर्यंत सोडायचा नाही. कैलाशच्या आजोबांनी म्हणे असाच एकदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात धरला होता. ती गोष्ट ऐकतच तो वाढला आहे. बाहेरचा गुंड असता तर मला केस धरून ओढून काढलं असतं!

"मंग धरून ठेव ना वो!" तो ओरडला.

"माहे हात गेले. किती वेळ धरू? तू ये. मी चिकनमाती आन् धानाची तनस आनते, भोवतालून लिंपून टाकू. नाई तं मंग जाऊ दे मासोळी..."

आणि मी एक खांदा सैल सोडला. पायानं पुन्हा गाळ दाबला. बुडबुडे!

त्यानं कट्टा वरच्या पायरीवर ठेवला. स्वतःच्या हातानं! कपड्यांसकट उतरला. मी त्याचे दोन्ही हात धरून डाटेवर नेऊन ठेवले. हनुवटी पाण्याला टेकली त्याची. मामाजी शिकवायचे त्या आवाजात सांगितलं, "दाबू नोको. ओढू नोको. नुसती धर. आन् हलू नोको."

"लवकर ये वो बाई!"

डाट दगडात घट्ट बसलेली होती. हत्तीनं ओढली असती तरी हलली नसती.

पायऱ्या चढताना कट्टा पदरात घेतला, विंचू धरावा तसा, अंगापासून लांब. पाळ उतरेपर्यंत चालले. मग पळाले. वाटेत ११२ ला फोन लावला. ज्याला दीड महिना हात धजला नाही तो फोन अर्ध्या मिनिटात झाला! नाव विचारलं, तेही सांगितलं. मग सुखरामभाऊंचं दार, मग शामकलाबाईचं, मग दारं मोजलीच नाहीत. म्हणत होते काय, तर एवढंच — "चला, कैलाश डाट धरून उभा आहे!" आधी कुणाला कळेना. कळलं तसं लोक ताटावरून उठले.

पोलिसांची गाडी यायला पाऊण तास लागला. तोपर्यंत अख्खं गाव पाळीवर. कैलाश हनुवटीपर्यंत पाण्यात, ओठ निळे. आम्हाला बघून शिव्या द्यायच्या सोडून ओरडला, "तनस आनली का?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळी पाळच हसली. पोरं, म्हातारे, सगळे.

हवालदार म्हणाले, बाहेर ये. तो येईना! "साहेब, पयले कोनी हात द्या! हात द्या, मंग येतो!"

सुखरामभाऊ उतरले. कान चाटून गोळी गेलेले सुखरामभाऊ! नियमाप्रमाणे डाटेवर हात ठेवला. "दे, धरली." तेव्हा कुठे कैलाशनं सोडली. दोन्ही हात पांढरे, सुरकुतलेले, वर धरून पायऱ्या चढला. कट्टा मी हवालदारांना दिला तो ओल्या पदरात धरूनच. त्यांनी तो कापडात गुंडाळून ठेवला.

गाडी सुरू झाली तशी सुखरामभाऊंनी मुसळानं दोन ठोके घातले आणि डाट काढली. पाटाला पाणी!

१९ ऑक्टोबर

पाणी रात्रभर वाहिलं. मामाजींना खाटेसकट पाटाच्या कडेला नेऊन ठेवलं. कुणाची बांधी आधी, कुणाची मग, डाव्या हातानं दाखवत होते. बायका येऊन मला "बुडबुडेवाली" म्हणून गेल्या. पीयूषचा फोन — आधी रागावला, मग म्हणाला, पुन्हा सांग, तनस आनली का म्हणाला तो? तीनदा सांगायला लावलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सगळं छान झालं तर मग जीव का थाऱ्यावर नाही? मोटरसायकलचा आवाज आला की हातातलं खाली ठेवते. तो सुटून आला तर? त्याच्याकडे दुसरा कट्टा असला तर? आज लसीकरणाच्या यादीत एकच नाव दोनदा लिहिलं.

शामकलाबाई सगळ्यांसारखी हसायला आली नाही. पाणी तिच्या बांधीपर्यंतही पोचलं आहे. भेगा बुजल्या. धान तसंच उभं आहे, पांढरं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

जबाबावर सही करायला ठाण्यात बोलावलं होतं. हवालदारांनी कट्टा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ताई, हातात घ्या, घाबरू नका. वीतभर नळाचा पाइप, लाकडी मूठ, काळा रंग. आतून बंद. यातून गोळी सुटूच शकत नव्हती म्हणाले. मग त्या दिवशीचा धडाम् आवाज? सुतळी बॉम्ब. लपवून पेटवलेला. कैलाशनंच सांगितलं.

बंद डाट धरून तो पाऊण तास उभा राहिला, म्हणून आम्ही पोट धरून हसलो. आम्ही बंद कट्ट्यापुढे पोळ्यापासून उभे होतो.

परत येताना शामकलाबाई बांधीत दिसली. दाणा न भरलेलं धान बैलांसाठी कापत होती. मला बघून विळा वर केला, विचारलं, "का म्हनत होते वो ठान्यात?"

सही घेतली, एवढंच म्हटलं.