दवाखान्यातून न लागलेला फोन

भावजी,

यांना घेऊन डायलिसिसला चालले आहे. भाजी झाकून ठेवली आहे, खाऊन घ्या.

तुम्ही हौसेने आणलेला फोन बनावट निघाला. खोक्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, आतल्या नंबरशी जुळत नाही; आतला नंबर खोटा, म्हणून काल त्याचं नेटवर्कच बंद केलं गेलं. आणि कालच यांच्यासाठी किडनी मिळाली होती. दवाखान्याने दुपारभर फोन लावला, मग ती दुसऱ्या पेशंटला दिली; रात्री शेजारच्यांच्या फोनवरून विचारलं तेव्हा मला हे कळलं.

दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, आता त्याचा काही उपयोग नाही. नवा फोन कंपनीच्या दुकानातूनच आणा, नंबर तिथेच ताडून बघा, पक्कं बिल घ्या.

यांना सांगितलेलं नाही. सकाळी उठल्या उठल्या विचारत होते, "फोन आला का गं?" मी नाही म्हणाले. तुम्हालाही विचारतील. तुम्हीही नाहीच म्हणा.

वहिनी