मोऱ्या कुणाचं ऐकतो

वैजापूर, १४ एप्रिल १९८७

चि. अजिनाथ यास खंडेरावाचे अ. आ. वि. वि.

आपली मेंढरं पाच दिवस हाकूनही इथल्या तळ्यावरून हललेली नाहीत. काल तलाठी साहेबराव स्वतः पाहून गेले. तळ्यात आठ दिवसांचंच पाणी उरलंय, हेही त्यांनीच सांगितलं. गोदागंगेकाठी पोचलो तर दोनशे जीव वाचतील.

अडचण मोऱ्या एडक्याची आहे. तो निघाल्याशिवाय कळप पाय उचलत नाही, आणि तो निघत नाही. तुझी आई त्याला रोज हातानं भाकर चारायची, म्हणून तो तिच्यामागं चालायचा. मला वाटलं, भाकर कुणाच्याही हातची सारखीच. काल तिचं जुनं लुगडं पांघरून तुकडा पुढं धरला. मोऱ्यानं हुंगलं आणि मान फिरवली. गडी अजून हसतायत.

गुडघ्यांचं निमित्त करून तिला मीच माघात इथून तुझ्याकडं धाडलं, वाटेत लोढणं नको म्हणून. हे तिला सांगू नकोस. उत्तर धोंडिबा कंडक्टरच्याच हाती दे. सूनबाईस आशीर्वाद.

तुझा तात्या

वाळूज, १६ एप्रिल

ती. तात्यांस अजिनाथचा सा. न. वि. वि.

पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. सांगू नकोस ही ओळ शेवटी आली, तोवर बाकीचं वाचून झालं होतं. ती म्हणाली, मला माघातच ठावं होतं.

इथं तिचं बरं चाललंय. नळावरच्या बाया तिनं रांगेला लावल्या. पहाटेच्या शिफ्टबसचा ड्रायव्हर आता गल्लीत हॉर्न वाजवत नाही. तिनं त्याला एकदाच सांगितलं होतं.

यायला ती तयार आहे, पण पायी नाही. घोड्यावरून तुमचं अंथरूण उतरवायचं, तिथं ती बसणार. मग ते कुणी वाहायचं, असं मी विचारलं. तुझ्या तात्याला डोकं हाय की, म्हणाली. आणि इथून पुढं तळ कुठं पडायचा, ते तीच ठरवणार. कबूल असेल तर सोमवारच्या गाडीत बसवतो.

राग माझ्यावर नको, माया आहे तशी राहू द्या.

आपला अजिनाथ

वैजापूर, १८ एप्रिल

चि. अजिनाथ यास अ. आ.

कबूल. अंथरूण डोक्यावर घेऊन पाहिलं, फार जड नाही. तळ्याच्या कडेला चिखल उघडा पडलाय, तेव्हा सोमवार चुकवू नकोस. गुडघ्याचं तेल बांधून दे.

मंगळवारी उजाडता निघू. पुढं घोड्यावर तुझी आई, तिच्यामागं मोऱ्या, मग मेंढरं आणि शेवटी मी. लोभ असू द्यावा, असं तिला माझ्या वतीनं सांग.

तुझा तात्या