शुक्रवारच्या बसचं पाणी

सोझोपोल, ६ मार्च १९८४

चि. सौ. नेव्यानास,

अनेक आशीर्वाद. (थोरली म्हणून लिहावेच लागतात. आज आतून एकही निघत नाहीये.)

मार्चच्या पहिल्या तारखेला मनगटावर बांधायचा शुभाचा लाल-पांढरा दोरा मला काल, म्हणजे पाच तारखेला पोचला. तुझ्या मनगटावर माझ्या कालीनाने एक तारखेला सकाळीच बांधला असणार. जन्मदात्या आईला पोस्टाने! वर चिठ्ठीत लिहिते की मावशीला लोकरीचा आवडला म्हणून तुलाही तसाच धाडलाय. माझी आवड कुणी विचारली?

हे बघ, मी पोरगी तुझ्याकडे शिकायला ठेवलीय, दत्तक दिलेली नाही. तुला मूल नाही याचं मलाही वाईट वाटतं, पण म्हणून माझं एकुलतं एक उचलून तुझ्या ओटीत घालू काय? जूनमध्ये परीक्षा संपली की ती घरी येणार, हे ठरलेलं आहे. तिचे बाबा आठ-आठ महिने बोटीवर. घरात मी आणि टाकीतले दोन सुईमासे. त्यांच्याशी किती बोलायचं?

समुद्रघोडाही तुमच्याकडेच. त्याची मादी शरदात मेली, तेव्हापासून गवताच्या काडीला शेपूट गुंडाळून नुसता बसून असायचा. बघवेना, म्हणून नव्या वर्षाला कालीनाने मागितला तसा दिला. आता म्हणे रोज सकाळी तुझ्या मादीपुढे जाऊन रंग बदलतो, तिच्याभोवती नाचतो. माझ्याकडे होता तेव्हा मी टाकीशी गेले की डोळा फिरवून बघायचा. विसरला असेल मेला.

लोभ आहे तेवढा पाठवतेय, पुरवून वापर.

तुझी ताई
दोब्रिंका

---

प्लोवदिव, १२ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. बातमी आधी, तुझा रुसवा नंतर.

काल पहाटे तुझा नर बाळंत झाला! पोटाची पिशवी आवळायचा, एक झटका द्यायचा, की आठ-दहा पिल्लं बाहेर. कालीनाने चमच्याने मोजून बादलीत घेतली, एकशे चाळीस भरली. शेवयांच्या तुकड्यांएवढी आहेत आणि एकमेकांच्या शेपट्या धरून तरंगतात. आमचे ल्युबेनराव टाकीसमोर उभे राहिले, पुरुषजातीवर हा घोर अन्याय आहे म्हणाले आणि दिवसभर स्वतःचंच पोट धरून हिंडले.

अंडी माझ्या मादीची, पोट तुझ्या नराचं, मग खरी आई कोण, यावर जेवताना वाद झाला. कालीना म्हणाली की जो वाढवतो तो. मी तिला आणखी थोडं वाढलं हो.

आता कामाचं. पोमोरीच्या मिठागरातून आणलेली बारीक कोळंबीची अंडी मी लोणच्याच्या बरण्यांत उबवतेय, पण त्यांतून निघणारे जीवही या पिल्लांच्या तोंडात मावत नाहीत. सुरुवातीला त्यांना समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीवच लागतात, आणि इथे समुद्रापासून लांब, मीठ कालवून केलेल्या पाण्यात ते कुठून असणार? घरातलं समुद्राचं पाणी आठवडाभर पुरेल. मग दर शुक्रवारी दोन कॅन गेंचो ड्रायव्हरच्या बसने पाठवशील? बेटामागच्या समुद्रगवतातलं हवं. कालीनाचं पदवीचं कामच यावर आहे. पिल्लं साठ दिवस जगवून दाखवायचीत.

एक गंमत सांगते. विद्यापीठाबाहेर तिच्या बाईंनी मलाच तिची आई समजून हात हातात घेतला. नाक अगदी आईचं घेतलंय म्हणाल्या. कालीना नुसती हसली. मीही म्हटलं, भर रस्त्यात नाती कुठे समजावत बसू?

पाण्याबरोबर थोडा लोभही ओत.

तुझी
नेव्याना

---

सोझोपोल, २० एप्रिल

चि. सौ. नेव्यानास आशीर्वाद.

गेंचोकडे दोन कॅन दिलेत. पाणी काचेसारखं स्वच्छ आहे. गवत, घाण, किडे काही येऊ नये याची मी जातीने काळजी घेतलीय.

ईस्टरलाही कालीना येणार नाही म्हणे. पिल्लांना टाकून कशी येऊ, असं लिहिते. मी सहाच अंडी रंगवलीत. अंड्यावर अंडं आपटून कुणाचं आधी फुटतं ते बघायला समोर कुणी लागतं ना? डाव्या हातातलं उजव्यावर आपटणार आहे.

आणि नाकाचं म्हणशील तर ते आपल्या आईचं. तुलाही तिचंच आहे, मलाही तिचंच. त्यात तुझं कर्तृत्व काय?

आज एवढंच. हात गारठलेत.

दोब्रिंका

---

प्लोवदिव, ४ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. बातमी बरी नाही. एकशे चाळीसची सत्तावन्न राहिली. रोज सकाळी तळाशी पाच-सहा पडलेली असतात. पोटं खपाटीला गेलेली, पण तोंड अजून पाण्यात काहीतरी टिपायला बघतं. कालीना वाडग्यात सूप घेऊन बसते आणि तसंच उचलून ठेवते. रडत नाही, हीच पंचाईत आहे.

दिव्यामुळे पाणी तापलं असावं. दिवा मी हौसेने मोठा आणला होता, म्हणून दोष माझ्याकडे घेतला. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. ल्युबेन मधल्या मध्ये निरोप्या झालाय.

पाणी तू कसं भरतेस, ते एकदा सविस्तर कळवशील का? काही नाही, सहजच विचारतेय.

रागावू नकोस, एवढंच मागणं.

नेव्याना

---

सोझोपोल, ९ मे

नेव्याना,

आशीर्वाद द्यायचं तोंड राहिलं नाही, तेव्हा सरळच लिहिते.

पाणी मी गाळून पाठवलं. तिन्ही शुक्रवारी. दही टांगायची मलमल घेतली, तिचे चार पदर केले आणि त्यातून थेंब न् थेंब गाळला. गाळ परत समुद्रात टाकला. तो गाळ म्हणजेच त्यांचं जेवण होतं, हे मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. बाबांच्या वेळेपासून टाक्या सांभाळतेय, माहीत नसायला काय झालं?

तुझं ते नाकाचं पत्र आलं त्या दिवशी मी नुसती जळत होते. रस्त्यात नाती कुठे समजावत बसू म्हणे! एक वाक्य लागतं गं, मी तिची मावशी आहे, एवढंच. तुझ्या जिभेला जड झालं आणि माझ्या पोरीलाही जड झालं. म्हटलं, आई तूच ना? मग घाल खायला काय घालायचं ते. पिल्लं मेली की ती तुझ्यावर चिडेल, प्लोवदिवला वैतागेल, बोचकं बांधून घरी येईल, असं माझ्या डोक्यात होतं. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, आणि अक्कल बघ.

सूप तसंच उचलून ठेवते हे वाचलं आणि उठून कॅन घासायला घेतले. लहानपणापासून तिचं तसंच आहे. दुःख झालं की अन्न तुटतं.

आज सकाळी गवतातलं न गाळलेलं पाणी भरलंय. गेंचोची बस परवा निघते, तोवर थांबवेना, म्हणून बुर्गासहून प्लोवदिवला सुटणाऱ्या आगगाडीत एका बाईच्या हाती सोपवलं. ल्युबेनला तार केलीय, ती प्लोवदिव स्टेशनवर त्याला शोधेल. लाल रुमाल बांधलाय तिने.

पुढचं तू ठरव. कालीनाला सांगायचं तर सांग.

दोब्रिंका

---

प्लोवदिव, १४ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पाणी पोचलं. लाल रुमालवाल्या बाईने ल्युबेनला आधी दम दिला, मग कॅन दिले. बादलीत ओतल्याबरोबर पिल्लं अशी टिपायला लागली की बघतच राहावं. पण उरलीत सव्वीस.

ताई, मला माहीत होतं.

दुसरे कॅन आले तेव्हाच मी त्यातला थेंब मी काम करते त्या औषधांच्या दुकानातल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला होता. थेंब रिकामा होता. समुद्र इतका रिकामा कधी असतो का? कालीनाने नाही बघितलं. बाकी सगळं तपासलं तिने, मीठ, ऊब, हवेचा पंप, पण आईच्या पाण्यावर ती कशाला संशय घेईल?

मी तेव्हाच तुला तार करायला हवी होती. आठवडाभर गप्प राहिले आणि मग लिहिलं तेही आडून. का ते सांगते, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. ही पिल्लं साठ दिवस जगली तर बुर्गासला माशांच्या प्रयोगशाळेत कालीनाला जागा आहे. तुझ्यापासून तासाभरावर. ती तुला अचानक सांगून चकित करणार होती. आणि पिल्लं मेली, तर कालीना इथेच कुठेतरी शिकवायला लागणार, आमच्या मागच्या खोलीत राहणार. मी रोज सकाळी मेलेली पिल्लं चमच्याने काढत होते आणि मनातल्या मनात त्या खोलीला नवे पडदे शिवत होते. चार वर्षं या घरात कुणीतरी दार आपटून आत येतं. ती गेली की पुन्हा आम्ही दोघं आणि घड्याळ. मला तुझा हेवा वाटत आलाय ताई, ती जन्मली त्या दिवसापासून.

आता माझं ऐक. कालीनाला मलमलीचं काही कळता कामा नये. दिव्याचा दोष माझ्यावर आहे तो राहू दे. रागाचा काय, ओसरेल. आईवरचा विश्वास गेला तर पोरीकडे काय उरेल?

एवढं माझं ऐक, लोभाचं नंतर बघू.

नेव्याना

---

सोझोपोल, १८ मे

चि. सौ. नेव्यानास अनेक आशीर्वाद. हे खरे आहेत, जपून ठेव.

तुझं पत्र वाचून आधी मी ओट्यावर डोकं टेकून रडले. मग, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. तूही काही कमी नाहीस! लहानपणापासून आई मला तुझंच उदाहरण द्यायची. नेव्याना बघ, नेव्याना कशी पडतं घेते. पडदे शिवत होतीस होय गं, भवाने?

बुर्गासचं वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पोरीच्या वाटेवर मीच काटे टाकले, आणि ती वाट माझ्याच दाराशी येत होती.

पण शेवटचं तुझं म्हणणं मी ऐकणार नाही. दिव्याचा दोष तू घेतलास, तिचा अबोला तू सोसलास. वा! तिची वेणी तू घाल, तिच्या तापात तू जाग, बाईंशी हात तू मिळव, आणि वर तिचा रागही तूच घे? काय काय घेशील? सगळं तुला दिलं, राग देणार नाही. कालीनाला मी आजच वेगळं पत्र टाकलंय. मलमल, चार पदर, तीन शुक्रवार, काहीही न लपवता. तुझ्या आठ दिवसांबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. ते तुझं तू बघ.

ती चिडेल. कदाचित कायमची चिडेल. चिडू दे. ज्याच्यावर चिडायचं तो माणूस तरी खरा असू दे. तिची आई मी आहे.

लोभ असो नसो, पाणी दर शुक्रवारी येईल.

तुझी ताई
दोब्रिंका

---

प्लोवदिव, २२ मे

ती. आईस,

नमस्कार लिहिणार नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मावशीनेही काल रात्री भांडी घासता घासता पडद्यांचं सगळं सांगून टाकलं आणि तासभर रडली. तिला मीच पाणी आणून दिलं. एकोणीस पिल्लं आहेत. जी उरलीत ती दणकट आहेत, शेपूट धरून झोपतात आणि माझं बोट दिसलं की वर येतात. बुर्गासच्या प्रयोगशाळेतले लोक म्हणतात, साठ दिवस टिकली तर एकोणीसही चालतील. चालतील म्हणजे चालतील. पण एकशे चाळीस होती, हे मी विसरणार नाही.

शुक्रवारी गेंचोच्या बसने येतेय. यापुढे पाणी मी स्वतः भरणार. तुझ्या घरी तीन दिवस राहीन आणि एक शब्द बोलणार नाही. दारं आपटीन. समोर ठेवशील ते जेवणार नाही, तू झोपलीस की उठून खाईन, तेव्हा झाकून ठेव.

हे सगळं इथेच करणार होते, पण मावशीकडे धड रुसताही येत नाही. ती लगेच माफी मागते.

तुझीच
कालीना