डबीतलं बी

बेज्जूरच्या रानातून

बंडू, तुले दादाचा आशीर्वाद.

मी बरा हाये. भाकर पोटभर भेटते. मायचे गुडघे कसे हायेत? तेल चोळून देत जा. हे पत्र मात्र तिले वाचून दाखवू नको.

पोळ्याले तू मले भेटाले आला अन् जाताना शेटच्या डबीतलं गांजाचं बी घेऊन गेला. काऊन रे, हरामखोरा? ते साधं बी नोहे. त्याच्यातून नुसती मादी झाडं निंघतात, अन् गांजा मादीलेच धरते, म्हणून शेट त्याले सोन्यावानी जपते.

माज्यासंगं शेटच्या गांजाची राखण करते त्या धोंडीबावर चोरीचा आळ आला. काल शेटच्या माणसांनी त्याचा उजवा हात दगडावर ठेवला अन् कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं बोटं ठेचली. मले त्याचे पाय धराले लावले. मी धरले.

परसात बी लावलं असशील तर झाडं मुळासकट उपटून जाळ. मायले घेऊन आदिलाबादले मावशीकडं जा.

डबी उघडताना धोंडीबानं तुले पाह्यलं होतं. तरी त्यानं तुजं नाव घेतलं नाही. उद्या त्याचा डावा हात दगडावर ठेवणार हायेत. पाय मलेच धरा लागतीन.

तुजाच दादा,
जीवन